चौथ्या वहीतलं पान एकतीस

१

चौथ्या वहीची जेमतेम दोन पानं संघप्रियानं चाळली आणि वाटीत झुरळ दिसावं तशी ती मिटून दूर सारली.

"दादा, ही माझी वही नाही."

ऑगस्ट २००२ची गोष्ट. आम्ही शहरातल्या एका महाविद्यालयात, रसायनशास्त्र विभागाच्या मागच्या खोलीत उभे होतो. समोर लोखंडी कपाट उघडं, बाजूला किल्ल्यांचा जुडगा घेऊन शिपाई केरबा. कपाटात तांबड्या कापडी पुठ्ठ्याच्या पाच जाड वह्या होत्या. पहिली, दुसरी, तिसरी आणि पाचवी संघप्रियाच्या बारीक, तिरक्या अक्षरात भरलेल्या. चौथीवर मात्र उभट, ऐटदार इंग्रजी अक्षर होतं. तारखा जून ते सप्टेंबर १९९७च्याच, प्रयोग तेच, आकडे तेच. शेवटच्या पानावर सही होती ती डॉ. अण्णासो इंगवल्यांची.

मी ॲडव्होकेट प्रसेनजीत हुपरीकर. संघप्रिया कुरणे माझी अशील. १९९६ ते ९८ ती इंगवल्यांच्या हाताखाली पीएच.डी. करत होती. कार्बनच्या बारीक पट्टीवर तिनं एक लेप बसवला होता. त्यावर लघवीचा थेंब टाकून किंचित वीज सोडली की लघवीत युरिक ॲसिड किती आहे ते मीटरवर दिसायचं. मूतखडा कुठल्या जातीचा आहे, औषधानं विरघळेल की पोट फाडावं लागेल, हे खेड्यातल्या दवाखान्यालाही त्यावरून ठरवता आलं असतं.

इंगवल्यांनी ९८ साली त्याच पद्धतीच्या पेटंटचा अर्ज स्वतःच्या एकट्याच्या नावानं केला. संघप्रियाचा प्रबंध "अपुरा" ठरवून परत पाठवला. ती हायस्कूलवर शिकवायला लागली. चार वर्षांनी अर्ज जाहीर झाला तेव्हा तिला कळलं. आम्ही मुंबईच्या पेटंट कार्यालयात हरकत घेतली. सुनावणी ऑक्टोबरात होती आणि आमची सगळी भिस्त चौथ्या वहीवर होती. पद्धत पहिल्यांदा जमली ती त्याच चार महिन्यांत.

"केरबा, कपाट कुणी उघडलं होतं?" मी विचारलं.

"कोण न्हाय साहेब. किल्ली माझ्या कमरंला असती. गुरुपौर्णिमेला इंगवले सर सत्काराला आलते, घटकाभर हितं बसलते. तेवढंच."

तो बोलताना माझ्याकडे पाहत नव्हता.

"आता आपल्याकडे फक्त मल्लेश राहिला," संघप्रिया म्हणाली. "माझ्या प्रत्येक पानावर साक्षीदार म्हणून त्याची सही होती. तो तरी खरं सांगेल."

२

मंगळवार पेठेत दानम्मा पट्टणशेट्टी राहायच्या. सरकारी रासायनिक प्रयोगशाळेत बत्तीस वर्षं विषं, दारू आणि भेसळ तपासून निवृत्त झालेल्या. माहेर निपाणीकडचं, त्यामुळे रागावल्या की कानडीत जायच्या. सगळी पेठ त्यांना आक्का म्हणायची. तज्ज्ञ म्हणून त्यांचं नाव मी सुचवलं आणि इंगवल्यांनीही लगेच मान्य केलं. म्हातारी बाई काय करणार, असा त्यांचा हिशेब असावा.

महाविद्यालयाच्या परवानगीनं आक्कांनी पाचही वह्या आपल्या जेवणाच्या टेबलावर मांडल्या. आधी वास घेतला.

"चार वह्यांना बुरशीचा वास हाय, पिवळे डाग हायत. चौथी कशी, लग्नातल्या पाटासारखी चकचकीत. पाच वर्षं एका कपाटात ओल खाल्लेल्या वह्या अशा नसत्यात."

"म्हणजे खोटी."

"खोटी तर हायच की. पण खोटी म्हटल्यानं चालत न्हाय वकीलसाहेब, कुणी केली ते दावावं लागतंय." त्यांनी चष्मा कपाळावर चढवला आणि पान एकतीसवर बोट ठेवलं. "हे वाचा."

इंग्रजीत लिहिलं होतं: थंड झालेला नमुना वॉटर बाथमध्ये, म्हणजे गरम पाण्याच्या पेटीत, सदतीस अंशांवर दहा मिनिटं ठेवावा, गाळ पूर्ण विरघळेपर्यंत हलवावा, मगच थेंब घ्यावा.

"पेटंटच्या अर्जात ही पायरी हाय?"

मी अर्ज काढला, दोनदा पाहिला. नव्हती.

संघप्रियानं वही स्वतःकडे ओढली. "ही पायरी माझी आहे, आक्का. गारठ्यात लघवी ठेवली की तळाला विटकरी रंगाचा गाळ बसतो. तो गाळ म्हणजेच युरिक ॲसिड. वरचं निवळ घेतलं की आकडा कमी येतो. माझे दोन महिने आकडे चुकत होते. मग कळलं. पण मी हे सरांना कधी सांगितलंच नाही. ते नमुन्यांच्या खोलीत पाऊल टाकत नव्हते. अर्जही माझ्या जुन्या अहवालावरून लिहिलाय त्यांनी."

"आणि तुझ्या वहीत काय लिवलं हुतंस? हेच शब्द?"

ती जरा ओशाळली. "नाही. मुठीत धरून, असं लिहिलं होतं. विभागात वॉटर बाथ नव्हता. मागितला होता, मिळाला नाही."

आक्कांनी दुसऱ्याच दिवशी केरबाकडून विभागाचं डेडस्टॉक रजिस्टर मागवलं. वॉटर बाथची नोंद नोव्हेंबर १९९९ची निघाली. ९७ सालच्या वहीत दोन वर्षांनी आलेलं यंत्र वापरलं होतं.

मला वाटलं, खटला संपला. आक्का मान हलवत म्हणाल्या, "अजून न्हाय. अक्षर इंगवल्यांचं. पण जी गोष्ट इंगवल्यांना ठाऊकच न्हाय, ती त्यांच्या हातानं लिवली कुणी?"

३

इंगवले निवृत्तीनंतर उचगावच्या एका कंपनीत सल्लागार झाले होते. त्याच कंपनीनं त्यांच्या पट्ट्या बाजारात आणल्या होत्या. आक्का आणि मी घरी गेलो तर त्यांनी चहा, चिवडा, सगळं केलं. भिंतीवर सत्काराच्या शालींचे फोटो.

"हुपरीकर म्हणजे हुपरीचे चांदीवाले का?" त्यांनी मला विचारलं.

मी नुसता चहाचा कप उचलला. त्यांनी तो होकार समजला.

आक्कांनी विचारलं, "हे काम त्या मुलीलाच का दिलंत, सर?"

"अहो, लघवीचे नमुने! बाकीची पोरं नाकं मुरडायची. मी म्हटलं, हिला द्या. त्या लोकांना अशा कामाची किळस नसते. पिढ्यान्‌पिढ्यांची सवय." ते माझ्याकडे बघून हसले, जणू मीही हसणार होतो. "संधीच दिली की मी तिला! बाटल्या धुणं, भरणं तिचं. डोकं माझं."

माझी आजी गावची मेलेली ढोरं ओढलेल्या घरातली. तिनं मला सांगितलं होतं की किळस सगळ्यांना सारखीच येते, फक्त काहींना ती गिळावी लागते. मी कप खाली ठेवला. आक्कांनी माझ्या गुडघ्यावर हात दाबून मला गप्प बसवलं.

"आणि चौथी वही तुम्हीच लिहिलीत?"

"अर्थात. ९७ साली. मीच प्रयोग करायचो, मीच लिहायचो."

"छान," आक्का म्हणाल्या. "मग एकदा करून दाखवाल? प्राचार्यांसमोर. ती मुलगी बी करंल. एकाच बाटलीतला नमुना."

इंगवल्यांनी क्षणभरही विचार केला नाही. "केव्हाही!"

बाहेर आल्यावर मी रस्त्याकडेला थुंकलो. आयुष्यात पहिल्यांदाच असं भर रस्त्यात.

४

मल्लेश नडगट्टी संघप्रियाच्या बाकावर शेजारी बसून एम.फिल. झालेला. आता उचगावच्या त्याच कंपनीत गुणवत्ता विभागाचा प्रमुख. कंपनी इंगवल्यांच्या पट्ट्या विकणारी, तरी त्यानं संघप्रियाला शब्द दिला होता: नोकरी गेली तरी चालेल, प्रतिज्ञापत्र देतो.

"संघे, तू काळजी करू नको," तो आम्हा तिघांना कंपनीत पाहताच म्हणाला. "सुनावणीला मी स्वतः येतो. प्रतिज्ञापत्र तेवढं आदल्या दिवशी करू. आधी केलं तर हितं कळंल, आणि मला हाकलतील."

आक्कांना त्यानं वाकून नमस्कार केला, दोन वाक्यं कानडीत बोलला. आक्का खूश दिसल्या.

त्याच्या टेबलामागे शीतकपाट होतं. बोलता बोलता एक मुलगी तपासणीची बाटली ठेवून गेली. मल्लेशनं हात लांब करून ती बाटली बाजूच्या गरम पाण्याच्या पेटीत सोडली आणि घड्याळाकडे पाहिलं. बोलणं एका शब्दानंही थांबलं नाही.

"ती हरवलेली वही तू कधी बघितलीस शेवटची?" आक्कांनी विचारलं.

"मी? ९८ साली. नंतर कॉलेजात पाऊल टाकलं न्हाय."

फोन वाजला. पलीकडचा माणूस चिडलेला होता. त्याचा आवाज आमच्यापर्यंत येत होता.

"न्हाय डॉक्टर, पट्टी बरोबरच हाय," मल्लेश म्हणाला. "पावसाळ्यात लोक पाणी कमी-जास्त पित्यात, आकडा उतरतो… व्हय व्हय. गगनबावड्याला कोण येणार आता एवढ्या पावसात? पुढच्या महिन्यात बघू की."

त्यानं फोन ठेवला. निघताना आक्कांनी टेबलावरचं पट्ट्यांसोबत देतात ते माहितीपत्रक उचलून पदरात ठेवलं.

रिक्षात त्यांनी ते उलटसुलट वाचलं. मग डोळे मिटून बसल्या.

५

सोमवारी सकाळी अकरा वाजता प्रयोगशाळेत प्राचार्य, आक्का, इंगवले, संघप्रिया, दोन्ही वकील आणि मल्लेश जमलो; दाराशी केरबा होता. मल्लेश कंपनीतर्फे पट्ट्या आणि मीटर घेऊन आला होता. आदल्या दिवशी आक्कांनी एका रुग्णालयात एक ताजा नमुना तपासून घेतला होता. त्याचा आकडा बंद पाकिटात प्राचार्यांकडे होता. तोच नमुना दोन बाटल्यांत भरून रात्रभर थंडाव्यात ठेवला होता.

इंगवले पुढे झाले. त्यांनी खिशातून पांढराशुभ्र रुमाल काढला, बाटलीच्या गळ्याभोवती गुंडाळला आणि नाक किंचित बाजूला वळवलं. बाटलीच्या तळाला विटकरी गाळ स्पष्ट दिसत होता.

"खालची घाण येऊ द्यायची नाही," ते प्राचार्यांना शिकवल्यासारखं म्हणाले. "वरचं निवळ घ्यायचं. सफाई महत्त्वाची."

त्यांनी वरचा थेंब घेतला, पट्टीवर सोडला. मीटरवर आकडा आला शेहेचाळीस.

मग संघप्रिया आली. तिनं रुमाल घेतला नाही. गार बाटली दोन्ही मुठींत धरली आणि हलवत उभी राहिली. दहा मिनिटं गेली. गाळ हळूहळू विरला, पाणी एकसारखं झालं. तिनं थेंब घेतला. एक्याऐंशी.

प्राचार्यांनी पाकीट फोडलं. रुग्णालयाचा आकडा होता ब्याऐंशी.

"पट्टीत दोष असेल," इंगवले म्हणाले. "ती बाटली गरम कशाला करत होती? हे पद्धतीत नाही."

"न्हाय?" आक्कांनी चौथी वही उघडून त्यांच्यासमोर धरली. "पान एकतीस, सर. अक्षर तुमचंच हाय. वाचा की मोठ्यानं."

इंगवले वाचू लागले. तिसऱ्या ओळीला आवाज बसला. त्यांचा वकील छताकडे बघत राहिला.

"जे आपल्या हातानं लिवलं ते बी तुम्ही वाचलं न्हाय," आक्का म्हणाल्या. "नुसतं उतरवून काढलंत. मला आता एवढंच सांगायचं हाय, कुणाच्या कागदावरनं."

आणि त्यांनी मान वळवली. मल्लेश दाराकडे सरकला होता.

६

"केरबा, दार लाव," आक्का म्हणाल्या. "आणि आता तरी खरं सांग. जुलैत हितं आणखी कोण आलतं?"

केरबा भिंतीला टेकला. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. "मल्लेश सर आलते. म्हणले, संघप्रियाबाईंनी पाठवलंय, चौथ्या वहीची झेरॉक्स पायजे. बाईंचाच माणूस, म्हणून दिली मी. आठ दिसांनी परत आणून ठिवली. मी आत उघडून बघितली न्हाय. मला विंग्रजी कुठं येतंय? मग वही बदलल्याचं कळल्यावर भ्यालो. दोन वर्सांनी पेन्शन हाय माझी."

"मल्लेश खोटं बोलला," आक्का आम्हाला म्हणाल्या. "कॉलेजात पाऊल टाकलं न्हाय म्हणाला. पण मला त्याच्या आधीच संशय आलता. गाळ विरघळवायची पायरी जगात दोघांनाच ठाऊक हुती. एक ही, आणि दुसरा हिच्या शेजारी बसून पानापानावर सही करणारा. हिच्या वहीत 'मुठीत' हुतं. नकलेत 'वॉटर बाथ' आलं. इंगवल्यांना ह्यातलं काहीच ठाऊक न्हाय, मग शब्द बदलला कुणी? जो रोज बाटली गरम पाण्यात सोडतोय त्यानं. इतकी सवय, की बोलता बोलता हात आपोआप जातोय."

मल्लेश एकदम चिडून बोलला, जणू त्याच्यावरच अन्याय झाला होता.

"मुठीत म्हणं! पेटंटच्या कागदात मुठीत लिवत्यात व्हय? मी ते नीट केलं. सर म्हणाले, दुरुस्त अर्जात तुझं नाव सहसंशोधक म्हणून घालतो. चार वर्षं मी कंपनीत राबतोय, माझं नाव कुठंच न्हाय."

"आणि माझी वही?" संघप्रियानं विचारलं.

"बॉयलरमध्ये टाकली."

"प्रतिज्ञापत्र आदल्या दिवशी करू म्हणालास."

आदल्या दिवशी तो नाहीसा झाला असता आणि आम्ही मुंबईत रिकाम्या हातानं उभे राहिलो असतो.

माझ्या दृष्टीनं रहस्य इथं उलगडलं होतं. पण आक्कांनी पदरातलं पत्रक काढून त्याच्यासमोर टाकलं.

"ह्यात बाटली गरम करा असं कुठंच न्हाय. तू रोज करतोस. दवाखान्यांना का सांगितलं न्हाईस?"

मल्लेश इंगवल्यांकडे पाहू लागला.

"बोल की!"

"एक पायरी वाढवू म्हणालो, तर कुठली ते बी न विचारता सर नको म्हणाले. पेटंटच्या अर्जात नसलेली पायरी पत्रकात छापली, तर सरांना पद्धत ठाऊक नव्हती असा अर्थ निघंल. केस संपेपर्यंत थांबा, म्हणाले."

"आणि गगनबावड्याला? तिथं ऐन पावसात बाटल्या गारठून बसत्यात. तिथले आकडे?"

"कमी येत्यात," मल्लेश पुटपुटला. "निम्म्यानं."

इंगवले शांतपणे रुमालाची घडी घालत होते. "सर्दीपडशानं जसं कुणी मरत नाही, तसं मूतखड्यानंही कुणी मरत नाही," ते म्हणाले. "दोन महिन्यांचा तर प्रश्न होता."

आक्का कानडीत काहीतरी बोलल्या. मला शब्द कळले नाहीत, पण प्राचार्यांना कानडी येत असावी, कारण त्यांनी मान खाली घातली.

७

आता माझ्याबद्दल. हे लिहिताना मला स्वतःचीही शिसारी येते, पण वगळलं तर मीही त्यांच्यातलाच एक.

त्याच संध्याकाळी आक्कांच्या दिवाणखान्यात मी संघप्रियाला म्हणालो, "पत्रकाचं कुठं बोलू नकोस. त्यांचा वकील प्रयोगशाळेतलं सगळं नाकारेल. पण हे पत्रक आणि गगनबावड्याचे आकडे मी सुनावणीत अचानक काढले, तर त्यांना सावरायला जागा उरणार नाही. तुझं नाव लागेल. दोन महिनेच थांबायचंय."

माझं वाक्य संपता संपता मला कळलं की हेच शब्द मी दुपारी ऐकले होते.

संघप्रिया माझ्यावर चिडली नाही. तिनं वहीतला एक कागद फाडला आणि मराठीत लिहायला बसली: बाटली गार असेल तर आधी कोमट करा, गाळ दिसेनासा होईपर्यंत हलवा. खाली स्वतःचं नाव आणि हायस्कूलचा पत्ता. तिच्या शाळेत शंभर प्रती काढल्या आणि घाटमाथ्यापासून भुदरगडपर्यंत जिथं जिथं पट्ट्या गेल्या होत्या तिथं धाडल्या.

त्याची किंमत पडलीच. समोरचे सावध झाले. सुनावणीआधी त्यांनी आपला पुरावा म्हणून दाखल केलेली चौथी वही "कार्यालयीन गफलतीनं सादर झाली" म्हणून मागे घेतली आणि पत्रक रातोरात बदललं. मल्लेश बंगळूरला निघून गेला, आणि प्राचार्य किंवा केरबा साक्षीला उभे राहिले नाहीत. अर्ज नामंजूर झाला, इतकं मात्र आम्ही मिळवलं. पण मूळ वही नाही, साक्षीदार नाही, म्हणून खरा संशोधक कोण हे सिद्ध होत नाही, असा निकाल लागला. पेटंट कुणालाच मिळालं नाही. पुढच्या वर्षी एका संस्थेनं इंगवल्यांना जीवनगौरव दिला. वर्तमानपत्रात फोटो होता, आणखी एक शाल. मी तो अंक घरात ठेवू शकलो नाही.

पण हे सगळं नंतरचं. त्या गुरुवारी आम्ही तिघं एसटीनं गगनबावड्याला गेलो. फोनवर चिडलेले ते डॉक्टर तरुण होते. त्यांनी रजिस्टर काढून दाखवलं: जून-जुलैत सत्तावीस नमुने, जवळजवळ सगळ्यांपुढे 'नॉर्मल'. त्यांनी सातजणांना परत बोलावून घेतलं होतं. बाकावर पहिली बसली होती पारूबाई, चाळिशीची, कंबर धरून एका कुशीवर कललेली.

तिचा नवा नमुना संघप्रियानं स्वतः तपासला. आकडा आधीच्या दुपटीहून जास्त आला. डॉक्टरांनी तिला समजावलं की तुला खडा आहे, आणि तो गोळ्यांनी विरघळण्यासारखा आहे. आधीचा अहवाल चुकला होता.

"चुकला म्हंजे?" पारूबाईनं विचारलं. "त्यो कागद खोटा हुता?"

"हो मावशी," संघप्रिया म्हणाली. "बाटली गरम करायची राहिली. ज्यांना ठाऊक होतं त्यांनी सांगितलं नाही."

पारूबाईला पेटंट, अर्ज, सुनावणी यातलं काही ठाऊक नव्हतं आणि आमच्यातल्या कुणाची ते सांगायची छातीही नव्हती.

"दोन म्हैनं मी जमिनीवर लोळतीया," ती म्हणाली. "ह्यांनी त्यो कागद बघितला, म्हणलं काय सुदिक न्हाय, ढोंग करतीया. सासू म्हणली, लावणीच्या टायमालाच बरं पोट दुखतंय. दीर हसला. जाऊ हसली. मला बी वाटाया लागलं, माझंच डोकं फिरलंय."

डॉक्टर नवा अहवाल लिहू लागले. पारूबाईनं बाकावरून उठून त्यांच्या टेबलाची कड धरली.

"इंग्लिशमधी नगं, डाक्टर. मराठीत लिवा. आन्‌ मोठ्या अक्षरात लिवा. घरातल्या समद्यांस्नी वाचाया लावणार हाय मी, एकेकाला फुडं बसवून."